ठिसूळ हाडांच्या बाळाचें संगोपन

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत दर वर्षीं एक साधा प्रयोग करून दाखवितात. कोंबडीच्या तंगडीचें एक हाड कांहीं दिवस शिरक्यांत बुडवून ठेवावयाचें आणि दुसरें निखाऱ्यांवर चांगलें जाळावयाचें. शिरक्यांतील हाड बाहेर काढलें म्हणजे तें चामड्याच्या वादीसारखें वांकतें, कारण त्यांतील चुन्याचा अंश अम्लांत विरघळून गेलेला असतो. जळलेल्या हाडाचा आकार जशाचा तसा दिसतो, परंतु चिमटींत धरून दाबलें कीं त्याचा चुरा होतो, कारण त्यांतील तंतुमय भाग जळून जाऊन केवळ क्षार मागें राहिलेले असतात. विद्यार्थी हंसतात, वहींत चार ओळी लिहून घेतात, परीक्षेंत त्यांवर दोन गुण मिळवितात आणि विसरून जातात. मींही हा प्रयोग अनेक वर्षें शिकविला आणि विसरलों. त्याचा खरा अर्थ मला चार वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बहिणीच्या घरीं कळला.

बहिणीस मुलगी झाली. वजन थोडें कमी होतें, पण बाळ तरतरीत होतें. डोळ्यांच्या पांढऱ्या भागास किंचित् निळसर झांक होती. पुष्कळ नवजात मुलांस ती थोडीबहुत असतेच, म्हणून कोणी तिकडे लक्ष दिलें नाहीं, उलट आल्यागेल्यानें कौतुकच केलें. बाळ तीन आठवड्यांचें असतांना त्याची आजी, म्हणजे बहिणीच्या सासूबाई, नित्याप्रमाणें पाटावर बसल्या, पाय लांब केले, बाळास त्यांवर घेतलें आणि तेल चोळूं लागल्या. चोळून झाल्यावर उजवा पाय डाव्या हाताकडे आणि डावा पाय उजव्या हाताकडे नेऊन हलकेच ताणावयाचा, ही आपल्याकडील जुनी रीत. सासूबाईंनीं ह्याच हातांनीं पांच मुलें व तीन नातवंडें न्हाऊं घातलीं होतीं. त्या दिवशीं मात्र पाय ताणतांच बाळानें जो टाहो फोडला तो थांबेना. सायंकाळपर्यंत मांडी सुजून टणक झाली.

रुग्णालयांत क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें, तेव्हां मांडीचें हाड मोडलेलें दिसलें. शिवाय दोन बरगड्यांवर जुन्या, आपोआप जुळत आलेल्या भंगाच्या खुणा दिसल्या. तीन आठवड्यांच्या मुलाचीं हाडें दोन वेगवेगळ्या वेळीं मोडावीं, ह्याचा अर्थ कोणी तरी त्यास मारलें असलें पाहिजे, असा तेथील एका डॉक्टरांस संशय आला. संशय घेणें हें त्यांचें कर्तव्यच होतें, हें मला आतां समजतें. परंतु बहीण आणि सासूबाई ह्या दोघींस निरनिराळ्या खोल्यांत बसवून दोन दिवस जे प्रश्न विचारण्यांत आले, ते त्या अजून विसरलेल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं मुलांच्या हाडांचे एक तज्ज्ञ आले. त्यांनीं बाळाचे डोळे पाहिले, कवटीचें छायाचित्र पाहिलें आणि रोगाचें नांव सांगितलें: ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. पुढें जनुकांच्या तपासणीनें तें खरें ठरलें.

त्या दिवसापासून सासूबाईंनीं बाळास हात लावावयाचें सोडून दिलें. उंबऱ्यांत उभ्या राहून त्या बाळाकडे पाहत, आणि कोणी "घ्या ना" म्हटलें कीं पदरानें डोळे पुशीत आंत निघून जात. बहिणीचे यजमानही तितकेच घाबरलेले. बाळ अंथरुणावर आणि सारें घर चार हात दूर, असे दहाबारा दिवस गेले. हा लेख लिहावयाचें कारण तेच दिवस आहेत. ठिसूळ हाडांच्या मुलास धसमुसळेपणानें इजा होते हें कोणासही सांगावें लागत नाहीं. परंतु भीतीनेंही होते, आणि ती सावकाश होते म्हणून दिसत नाहीं, हें मात्र सांगावें लागतें.

प्रथम रोगाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. हाड म्हणजे निव्वळ चुना नव्हे. खेड्यांतील मातीचीं घरें बांधतांना ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक असेल कीं, भिंतीच्या चिखलांत गवत किंवा भाताचा पेंढा बारीक करून कालवितात. माती एकटी असली तर वाळतांच तडकते. पेंढ्याचे तंतु तिला धरून ठेवतात. हाडांतील हे तंतु म्हणजे कोलॅजेन नांवाचें प्रथिन. त्याची रचना तीन पदरी दोरासारखी असते. तीन लांब सांखळ्या एकमेकींभोंवतीं पिळलेल्या असतात, आणि पीळ घट्ट बसावा म्हणून प्रत्येक सांखळींत दर तिसऱ्या जागीं ग्लायसीन हा सर्वांत लहान घटक असावा लागतो. त्या जागीं एखादा मोठा घटक येऊन बसला तर तेथें पीळ बिघडतो आणि सगळा दोरच कच्चा होतो. हा दोर वळण्याची कृति दोन जनुकांत लिहिलेली असते, आणि बहुतेक रोग्यांत त्या दोहोंपैकीं एकांत चूक आढळते. ज्यांत दोर चांगला पण निम्माच तयार होतो तो प्रकार सौम्य; ज्यांत दोरच बिघडलेला असतो तो बहुधा तीव्र. १९७९ सालीं मेलबर्नचे डॉ. डेव्हिड सिलेन्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं ह्या रोगाचे चार मुख्य प्रकार पाडले. त्यांत पुढें बरीच भर पडली. अत्यंत सौम्य प्रकारांत मनुष्य जन्मभरांत चारदोन वेळां हाड मोडून घेतो व आपणांस कांहीं रोग आहे हें त्यास कळतही नाहीं. अत्यंत तीव्र प्रकारांत बाळ जन्मतांच किंवा थोड्याच दिवसांत दगावतें. आमचें बाळ ह्या दोन टोकांच्या मध्यें कोठें तरी होतें. कोलॅजेन हाडांतच नव्हे, तर दांत, कातडी, सांधे बांधणारे बंध आणि डोळ्याचें पांढरें आवरण ह्या सर्वांत असतें. तें आवरण पातळ राहिल्यामुळें आंतील गडद थर त्यांतून दिसतो व डोळा निळसर भासतो.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. बाळाची हकीकत कळतांच शेजारच्या आजीबाईंनीं निवळी काढलेला चुना द्यावयास सांगितला, कोणी शिंपल्यांचें भस्म सुचविलें, कोणी रोज दोन शेर दूध. मुडदूस झालेल्या मुलाच्या हाडांत क्षार पुरेसे बसत नाहींत, म्हणून तीं शिरक्यांतील हाडाप्रमाणें वांकतात. तेथें ड जीवनसत्त्व व चुन्याचा अंश दिल्यानें गुण येतो. आमच्या बाळाचा दोष जळलेल्या हाडाच्या जातीचा होता. पेंढा नसलेल्या भिंतीवर कितीही माती थापली तरी ती तडकावयाचीच. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ह्यांची उणीव राहूं देऊं नये, हें खरें. परंतु प्रमाणाबाहेर दिल्यानें हाड बळकट होत नाहीं, आणि मूत्रपिंडांस अपाय मात्र होऊं शकतो.

रोग जुना आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें इजिप्तांतील एका अर्भकाचें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचें शव जतन केलेलें आहे. त्याच्या हाडांवर ह्याच विकाराच्या खुणा आहेत. १७८८ सालीं एकमन नांवाच्या स्वीडिश वैद्यानें एकाच कुटुंबांतील तीन पिढ्यांची हकीकत आपल्या प्रबंधांत लिहिली, आणि १८४९ सालीं व्रोलिक ह्या डच शरीरशास्त्रज्ञानें आजचें लॅटिन नांव दिलें. त्याचा अर्थ अस्थींच्या घडणींतील अपूर्णता. साधारणपणें पंधरा ते वीस हजार जन्मांमागें एक मूल हा विकार घेऊन येतें.

तो कोणाच्या पापानें किंवा पथ्य मोडल्यानें येत नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें. कारण आमच्या घरींही पहिल्या महिन्यांत बहिणीच्या गरोदरपणांतील प्रत्येक घांसाचा हिशोब निघाला होता. ग्रहणांत ती बाहेर पडली होती, येथपर्यंत शोध लागला. पुष्कळ वेळां आईबापांपैकीं कोणासही रोग नसतो. बीजांतच नव्यानें चूक झालेली असते, आणि तसें घडूं नये म्हणून कोणास कांहींच करतां आलें नसतें. ज्यास स्वतःला रोगाचा नेहमींचा प्रकार आहे, त्याच्या प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो. कांहीं थोडे प्रकार मात्र असे आहेत कीं, ज्यांत आई व बाप दोघेही निरोगी असून दोघांकडूनही सदोष जनुक आलें तरच मूल रोगी होतें. नात्यांत लग्न झालें असतां असें घडण्याचा संभव वाढतो. आपल्याकडे मामेबहिणीशीं लग्न करण्याची चाल कांहीं समाजांत अद्यापि आहे, म्हणून हें मुद्दाम लिहिलें. दुसऱ्या अपत्याचा विचार करण्यापूर्वीं जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेणें शहाणपणाचें.

आतां रोजच्या संगोपनाकडे वळूं. रुग्णालयांतील भौतिकोपचार करणाऱ्या बाईंनीं पहिल्याच भेटींत सर्वांस बोलाविलें आणि सांगितलें कीं, बाळास हात लावावयाचा नाहीं असें म्हणूं नका, हात शिकवा. त्यांनीं सराव करण्यास एक युक्ति सुचविली. जुन्या धोतराची बाळाएवढी बाहुली शिवावी, तिच्या अंगांत, हातांत व पायांत सैलसर तांदूळ भरावे, आणि ती उचलून पाहावी. चुकीच्या रीतीनें उचलली कीं बाहुलीचा पाय लोंबतो, मान पडते, तांदूळ एकीकडे सरकतात. बरोबर उचलली तर ती सपाट राहते. बाहुली शिवली सासूबाईंनींच. बाळास त्या शिवत नसत, पण आठ दिवस सगळीं निजल्यावर स्वयंपाकघरांत बसून ती बाहुली उचलीत व ठेवीत, हें बहिणीनें दाराआडून पाहिलें. नवव्या दिवशीं सकाळीं त्या न सांगतां येऊन अंथरुणाजवळ बसल्या.

आपल्याकडे मूल उचलावयाचें म्हणजे काखांत हात घालून वर घ्यावयाचें, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे कीं तिचा कोणी विचारच करीत नाहीं. त्यांत मुलाचा सगळा भार बरगड्यांवर व खांद्यांवर येतो. ठिसूळ हाडांच्या बाळास असें कदापि उचलूं नये. दंड धरून ओढूं नये. एका पायास धरून सरकवूं नये. एक हात मान, डोकें व खांदे ह्यांच्या खालीं आणि दुसरा ढुंगणाखालीं सरकवावा. बोटें फांकलेलीं असावीं. उंटाचा रुंद पाय वाळूंत रुतत नाहीं हें आपण पुस्तकांत वाचतों. तेंच तत्त्व येथें आहे. भार एका बिंदूवर न पडतां तळव्याभर वांटला गेला पाहिजे. उचलण्यापूर्वीं बाळाचें एखादें बोट दुपट्याच्या दोऱ्यांत, किंवा हात पाठीखालीं, अडकला नाहीं ना हें पाहावें. नंतर आपण वांकून बाळाजवळ जावें, त्यास छातीशीं धरावें, आणि मग सावकाश उभें राहावें. घाई करूं नये. आरंभीं सासूबाईंनीं चौघडी केलेली जाड गोधडी खालीं घालून बाळास तिच्यासकट उचलावयाची रीत काढली; तीव्र विकार असलेल्या अर्भकास घट्ट उशीवर ठेवून नेण्याचा सल्ला डॉक्टरही देतात. पण गोधडी म्हणजे कायमचें वाहन नव्हे. बाळास माणसाच्या अंगाची ऊब हवी असते.

पाहुण्यांसाठीं बहिणीनें एक नियम केला तो मला फार आवडला. ज्यास बाळ घ्यावयाचें असेल त्यानें आधीं जमिनीवर मांडी घालून बसावें. बाळ त्याच्या मांडीवर आणून ठेवण्यांत येईल. उभ्यानें कोणासही नाहीं. कोणी रागावले, बहुतेक बसले.

सर्वांत अधिक अपघात लंगोट बदलतांना होतात असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. दोन्ही घोटे एका हातांत धरून पाय वर उचलावयाचे व खालचें फडकें ओढून काढावयाचें, ही सर्व आयांची संवय. ह्या उचलीनें मांडीचें हाड तरफेसारखें ताणलें जातें आणि मोडतें. घोटे धरूंच नयेत. फांकलेला पंजा ढुंगणाखालीं घालून कमरेस थोडा आधार द्यावा, दुसऱ्या हातानें फडकें काढावें. किंवा खांदा व कंबर एकदम धरून सगळें अंग एका कुशीवर हलकेच वळवावें. नवें फडकें जुन्याखालीं आधींच पसरून ठेवलें तर बाळास एकदांच हलवावें लागतें.

कपड्यांचेंही तसेंच. बाळाचा हात बाहींत कोंबावयाचा नाहीं. आपला हात बाहींतून बाहेरून आंत घालून बाळाची मूठ आपल्या तळहातांत घ्यावयाची, आणि बाही तिच्यावरून सरकवावयाची. बाळास कपड्याकडे न्यावयाचें नाहीं, कपडा बाळाकडे आणावयाचा. डोक्यावरून घालावयाचे घट्ट गंजिफ्रॉक नकोत. आपलें जुनें समोरून नाड्यांनीं बांधावयाचें झबलें ह्या कामीं इतकें सोयीचें आहे कीं, तें जणूं अशा मुलांसाठींच शोधून काढलें असावें. हात किंवा पाय मोडलेला असला तर कपडा घालतांना दुखरा अवयव प्रथम, आणि काढतांना शेवटीं. ह्या मुलांस घाम फार येतो, म्हणून सुती व पातळ वस्त्र वापरावें.

मालिश आणि न्हाणें ह्यांविषयीं मात्र जुनी रीत बदलावीच लागते. चोळणें, रगडणें, हातपाय उलटसुलट ताणणें, बाळास पायांवर पालथें घालून पाठीवर थापट्या मारणें हें सर्व वर्ज्य. तेल लावावयाचें असेल तर डॉक्टरांस विचारून, तळहातानें मोरपीस फिरविल्यासारखें लावावें. त्यानें बाळास सुख होतें आणि हातही त्याच्या अंगास ओळखूं लागतो. न्हाण्यासाठीं पसरट टपांत जाड पंचा घालावा, चार बोटें कोमट पाणी घ्यावें, तें कोपरानें पाहावें, आणि एक हात सदैव डोक्यामानेखालीं ठेवावा. पाण्यांत बाळाचे हातपाय हलके होतात व तें आपण होऊन ते हलवितें. आमचें बाळ पहिल्यांदा पाय झाडूं लागलें तें टपांतच. सासूबाई भिऊन पाणी ओतून टाकणार होत्या. बाईंनीं त्यांस थांबवून सांगितलें कीं, ह्याच्यासाठींच तर टप आहे.

कारण हाड हा निर्जीव खांब नव्हे. स्नायूंची ओढ पडते तेथें तें भरतें. ओढ न पडली तर झिजतें. मोडलें म्हणून बांधून ठेवलें, बांधून ठेवलें म्हणून झिजलें, झिजलें म्हणून पुन्हां मोडलें, असें हें रहाटगाडगें आहे. म्हणून प्लॅस्टर आवश्यक तितकेच दिवस ठेवतात. हाड जुळावयास लागणारा काळ ह्या मुलांतही इतरांइतकाच असतो, आणि अर्भकाचें हाड तर फार लवकर जुळतें. म्हणून बाळास दिवसभर उताणें निजवून ठेवणें ही काळजी नव्हे. रात्रीं निजवावें तें इतर अर्भकांप्रमाणें उताणेंच, सपाट व घट्ट गादीवर. साडीच्या झोळींत नको, कारण तींत पाठीचा कणा वांकतो. परंतु जागेपणीं गुंडाळलेल्या पंचाचा आधार देऊन या कुशीवरून त्या कुशीवर वळवावें, नाहीं तर मऊ कवटी एका बाजूस चपटी होते. आईनें मागें टेकून बसावें आणि बाळास आपल्या छातीवर पालथें घ्यावें. तें डोकें उचलूं पाहतें व मान बळावते. हलकीं खेळणीं हाताच्या टप्प्याच्या किंचित् पलीकडे ठेवावीं. मात्र मूल आपण होऊन बसूं लागण्यापूर्वीं त्यास टेकवून बसवूं नये, हात धरून उभें करूं नये, आणि बसावयाच्या झोळीचा चाकांचा वॉकर घरांत आणूंच नये.

इतकें करूनही हाड मोडतें. हें वाक्य कठोर आहे, पण तें आईबापांस पहिल्या दिवशींच सांगितलें पाहिजे, नाहीं तर प्रत्येक भंगाबरोबर घरांत अपराध्याचा शोध सुरू होतो. आमच्या बाळाचा दुसरा भंग झाला तेव्हां त्यास कोणी हात लावलेला नव्हता. शिंकतांना हात अंथरुणावर आपटला, एवढेंच. मूल अकस्मात् रडूं लागतें, एका विशिष्ट हालचालीनें अधिक रडतें, एक अवयव हलवीतच नाहीं, तेथें सूज किंवा ऊब जाणवते, हीं लक्षणें. अशा वेळीं अवयव सरळ करावयास जाऊं नये. ज्या स्थितींत तो आहे त्याच स्थितींत, जाड पुठ्ठ्यावर किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्रावर कापूस घालून तो ठेवावा आणि मऊ पट्टीनें सैलसर बांधावा. बोटें गार किंवा निळीं पडत नाहींत ना हें पाहत राहावें. वेदनाशामक औषध डॉक्टरांनीं वजनाप्रमाणें ठरवून दिलेलें घरांत असावें. नंतर रुग्णालय. आपल्याकडे कोणाचें हाड मोडलें कीं प्रथम हाडवैद्य आठवतो. त्याचें ओढून बसविणें व घट्ट कामट्या बांधणें ह्या मुलांस घातक आहे.

रुग्णालयांत जातांना एक पत्र जवळ असूं द्यावें. बहिणीच्या पिशवींत तें सदैव असतें. त्यांत रोगाचें नांव, तपासणीचा निष्कर्ष, पूर्वींच्या भंगांची यादी, चालू औषधें, आणि ज्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत त्यांचा दूरध्वनि इतकें लिहिलेलें आहे. रक्तदाब मोजण्याची पट्टी जपून बांधावी, छायाचित्र घेतांना अवयव जोरानें वळवूं नये, सुई टोंचतांना हात आंवळून धरूं नये, ह्याही सूचना आहेत. ह्या पत्रामुळें, जे दोन दिवस त्या दोघींनीं काढले ते पुन्हां कोणी त्यांस काढावयास लावूं शकत नाहीं. लशी मात्र इतर मुलांप्रमाणें वेळच्या वेळीं द्याव्या, टाळूं नयेत.

औषधांविषयीं थोडेंच लिहितों. आपल्या हाडांत जुना भाग खाणाऱ्या व नवा भाग रचणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी सतत काम करीत असतात. बिस्फॉस्फोनेट वर्गांतील औषधें खाणाऱ्यांस आवर घालतात. १९९८ सालीं माँट्रिअल येथील डॉ. फ्रान्सिस ग्लोरिअ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तीव्र विकाराच्या मुलांस पॅमिड्रोनेट शिरेंतून देऊन आलेले अनुभव प्रसिद्ध केले, आणि तेव्हांपासून ही पद्धति जगभर रूढ झाली. त्यानें हाडांची घनता वाढते, पाठीचे मणके सुधारतात. परंतु दोर कच्चाच राहतो, म्हणून रोग जात नाहीं. पहिल्या वेळीं एकदोन दिवस ताप येतो, त्यानें घाबरूं नये. भारत सरकारनें २०२१ सालीं दुर्मिळ रोगांसंबंधीं जें धोरण जाहीर केलें त्यांत ह्या विकाराचाही समावेश आहे. मूल उभें राहूं लागलें व पायांचीं हाडें वांकूं लागलीं तर आंत धातूची सळई बसवितात; मुलाच्या वाढीबरोबर दुर्बिणीच्या नळीप्रमाणें लांबत जाणाऱ्या सळयाही असतात. आहार नेहमींचाच, पण वजन फाजील वाढूं देऊं नये. कांहीं मुलांचे दांत पिवळट करडे व ठिसूळ असतात, कांहींचे कान पुढें तरुणपणीं मंद होतात. म्हणून दोहोंची तपासणी करीत जावी.

बुद्धीवर ह्या रोगाचा कांहींही परिणाम होत नाहीं. अशीं मुलें पुष्कळ वेळां लवकर बोलूं लागतात. आमची भाची तर आपणांस कसें उचलावें हें दोन वर्षांची असल्यापासून दुसऱ्यांस सांगते. "मामा, बोटं पसर," हें तिचें माझ्याशीं पहिलें पूर्ण वाक्य. आजपर्यंत तिचीं हाडें सहा वेळां मोडलीं. ती बसते, ढुंगणावर सरकत घरभर जाते, आणि पट्ट्यांचा आधार देऊन थोडा वेळ उभी राहते. शाळेविषयीं घरांत पुष्कळ वाद झाला. मुलांच्या गर्दींत नको, असें शेजाऱ्यांचें म्हणणें. वर्ग तळमजल्यावर असावा, तिची जागा दारापासून दूर व भिंतीजवळ असावी, मधल्या सुटींत बाहेर पडण्याची गर्दी ओसरल्यावर तिला न्यावें, आणि उचलावयाचें तें शिकविलेल्या एकाच व्यक्तीनें, इतक्या गोष्टी ठरल्या आणि बालवाडीच्या बाईंनीं त्या मान्य केल्या.

जून महिन्यांत ती जाऊं लागली. पहिल्या दिवशीं सासूबाई तांदळाची ती बाहुली पिशवींत घालून बरोबर घेऊन गेल्या. वर्गांत सतरंजीवर त्यांनीं बाईंस आधीं मांडी घालून बसविलें, बाहुली त्यांच्यापुढें ठेवली, आणि नात बाजूला बसून पाहत असतां त्यांचीं बोटें एकेक करून पसरून दिलीं.